त्रेसष्ट तासांची बाग

तळमजला, बारा इंच. चॉकलेट. भोवती भाजीचे वाफे.

आधीच सांगून टाकलेलं बरं: या केकमध्ये कुणाचा केस सापडत नाही, तो कुणाच्या हातून पडत नाही, आणि ज्या लग्नासाठी तो ठरला ते लग्नही मोडत नाही. जे झालं ते केक होण्याआधी झालं, कागदावर झालं आणि भावावरून झालं.

गल्ली तिला केकवाली म्हणते. घराच्या मागच्या खोलीत तिचं दुकान. दुकान म्हणजे एक लांब टेबल, दीड ट्रे मावेल एवढा ओव्हन आणि छताला एक पंखा. पंखा ती लावत नाही. लावला की साखरेच्या पाकळ्या वेळेआधी वाळतात आणि वळवताना बोटांत मोडतात. त्यामुळे भर उकाड्यात ती घामानं निथळत फुलं करते. बघणारे म्हणतात, वा, काय नाजूक काम! नाजूक काम करणाऱ्या बाईच्या पाठीवर घामोळं उठलेलं असतं, ते केकवर दिसत नाही.

तर या खोलीत एका रविवारी सकाळी तिची भाची आली. भाची म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून तोंडाचा पट्टा थांबत नाही म्हणून घरात तिला टिटवी म्हणतात. आता सत्तावीस वर्षांची आहे, दातांच्या दवाखान्यात नोकरी करते आणि तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसांशी दिवसभर एकटीच बोलते.

"मामी, मला लग्नाला केक नको, बाग हवी. पण शहाणी बाग नको. वेडी हवी."

"वेडी म्हणजे कशी?"

"म्हणजे माळी पळून गेलाय आणि झाडांना कळलंय."

दोघी फरशीवरच बसल्या. मामीनं जाड कागद काढला, रंगांची डबी उघडली, आणि टिटवी बोलत गेली तसं कागदावर उगवत गेलं. तीन मजले, तिन्ही जरासे कललेले, जणू एकमेकांच्या कानात काही सांगतायत. तळाला वाफे, त्यातून गाजरांच्या नुसत्या शेंड्या वर. मधल्या मजल्याला कुंपण, कुंपणाला अर्धवट उघडं दार, दाराबाहेर चिखलानं भरलेले बुटांचे दोन जोड.

"बूट कुणाचे गं?"

"आमचे. आम्ही आत पळालोय."

"स्वतःच्याच लग्नातून?"

"पाहुण्यांना कंटाळून. आईकडचे एकशे दहा येणारेत, मामी!"

वरच्या मजल्यावर कलंडलेली झारी, झारीतून साखरेच्या तारेचं पाणी. वाटाण्याचा वेल तळापासून वरपर्यंत मोकाट चढलेला, त्याला जांभळी-पांढरी फुलं. मध्येच गुलाब, कारण टिटवीला गुलाब आवडतात आणि वेड्या बागेला कुणी नाही म्हणत नाही. आणि एक गोगलगाय, पाठीवर शंखाच्या जागी घर, घराला खिडकी.

तीन तास गेले. या तीन तासांचे पैसे तिनं पुढं कुठल्याच हिशेबात धरले नाहीत. राग आल्यावरही एवढी बेशिस्त तिच्यात शिल्लक होती.

मधला मजला, नऊ इंच. लिंबू. इथं घरचा भाव लागतो.

घरचा भाव म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. घरचा भाव म्हणजे मैदा, लोणी, साखर, अंडी आणि पुठ्ठ्याचा डबा. एवढंच. हात घरचे असतात. घरच्या हाताचे पैसे घ्यायचे नसतात. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, म्हणून तर ते खोडताही येत नव्हतं.

चार वर्षांत नणंदेच्या घरी सतरा केक गेले. वाढदिवस, साहेबांची निवृत्ती, शेजारणीचं बाळ, शेजारणीच्या बाळाचा पहिला वाढदिवस. दर वेळी नणंद दारात उभी राहून पर्स उघडून म्हणायची, "वहिनी, सामानाचे किती झाले ते सांग हं, संकोच करू नकोस." वहिनी संकोच करायची. भीड भिकेची बहीण म्हणतात ती उगाच नाही.

मग या खेपेला वेगळं काय झालं? नळ झाला. मागच्या खोलीतला नळ गळायला लागला, नळवाला आला, पान्यानं काहीतरी पिळलं, वायसर बदललं आणि तासाचे आठशे घेऊन गेला. पाऊण तास झाला होता. "तास धरतो आम्ही," म्हणाला. नवऱ्यानं हूं की चूं न करता दिले. वर चहा दिला.

नळवाला गेल्यावर केकवाली गुलाब वळत बसली होती. एका गुलाबाला पन्नास मिनिटं लागतात. तिनं घड्याळाकडं पाहिलं, मग गुलाबाकडं पाहिलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. नळवाल्यावर नाही. तो बिचारा बरोबर होता.

त्या दुपारी तिनं आयुष्यात पहिल्यांदा घरच्या माणसासाठी तास मोजले.

कागदाची मागची बाजू

तिची एक सवय होती. चित्र आणि हिशेब वेगवेगळे झाले की घोटाळा होतो, म्हणून हिशेब ती चित्राच्याच पाठीवर लिहायची. बाहेरच्या गिऱ्हाइकाला द्यायचं झालं तर छापील कागदावर नीट उतरवून द्यायची. घरच्यांना कधी काही लिहून द्यायची वेळच आली नव्हती. त्यामुळे पाठीवर तिनं जे लिहिलं ते फक्त स्वतःसाठी होतं, आणि स्वतःशी माणूस जसं बोलतो तसं होतं:

वाटाण्याची फुलं नव्वद, एकाला सात मिनिटं – साडेदहा तास
गुलाब बारा – दहा तास
पानं दोनशे, पानाला तीन मिनिटं – दहा तास (पानांकडं कुणी बघत नाही. नसली की मात्र सगळे बघतात.)
गोगलगाय – चार. खिडकीमुळं.
झारी आणि पाणी – पाच
कुंपण दीड, दार आणि बूट तीन
वाफे, गाजरं – दोन
भाजणं, भरणं – आठ
आवरण – पाच
तिथं जाऊन जोडणी – चार (वन्सं मध्येमध्ये येऊन "हे जरा डावीकडं घे" म्हणतील, त्याचा पाचवा तास धरलेला नाही.)
एकूण त्रेसष्ट तास
तासाला चारशे. नळवाल्याच्या निम्मे. का निम्मे? माहीत नाही. हिंमत तेवढीच.
हात – पंचवीस हजार दोनशे
सामान – अकरा हजार आठशे
सदतीस हजार
(मागचे पाच डबे आणि केकखालचा फिरता पाट अजून त्यांच्याकडंच आहेत.)

बेरीज तिनं तीनदा केली. तिन्ही वेळा तेवढीच आली. चौथ्यांदा ती हळू आवाजात म्हणून पाहिली. सदतीस हजार. रिकाम्या खोलीत आकडा बरा वाटला.

सूट: (ही ओळ लिहिली आणि खोडली)

नणंद आली, सोफ्यावर बसली, चित्र मांडीवर घेतलं. चित्र बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हेही सांगायला हवं. खोटं पाणी नव्हतं ते.

"किती गोड! अगं, हे बूट बघ. वहिनी, तुझ्या हातात जादू आहे गं."

"वन्सं, मी हिशेब केलाय."

"सांग की. सामानाचे ना?"

"सगळ्याचे. सदतीस हजार."

नणंद हसली. चांगली मोकळी हसली. मग हसणारी ती एकटीच आहे हे तिच्या लक्षात आलं.

"सदतीस? हजार?"

"त्रेसष्ट तासांचं काम आहे."

"अगं, पण लग्न कुणाचं आहे? परक्याचं? तुझ्या कडेवर वाढली ती!"

"म्हणूनच तर बारा गुलाब आहेत. परक्याला सहा सांगते मी."

"ऐकतोयस का रे तू?" नणंदेनं भावाला विचारलं. भाऊ समोरच्या खुर्चीत बसून चष्मा पुसत होता. चष्मा स्वच्छ होता. तरी तो आधी डावी काच पुसत होता, मग उजवी, मग परत डावी.

"मला वाटतं, नंतर बोलू," तो चष्म्याला म्हणाला.

"तासाला भाव लावायला ही काय टॅक्सी आहे?" नणंदेचा आवाज आता चढला होता. "मी रात्र-रात्र जागले तुझ्या नवऱ्याच्या आजारपणात, तुझं लग्न व्हायच्या आधी. त्याचे किती लावू?"

अशी वाक्यं अशाच वेळेसाठी वर्षानुवर्षं जपून ठेवलेली असतात.

नणंदेनं कागदाची सुरळी केली. "हे नेते. टिटवीच्या बाबांना दाखवते. बघू काय म्हणतात."

केकवाली एवढी रागावली होती, की कागद हातातून गेला तेव्हा त्याच्या पाठीवर काय आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. रात्री भांडी लावताना आलं. भांडं जागच्या जागी आपटलं, एवढंच. परत मागायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

पोहोच

पाच दिवस कुणाचा फोन नाही. सहाव्या दिवशी, ती स्पंज कापत असताना, आला.

"ताई, बोलू का? चौकातल्या बेकरीतून बोलतोय." चौकातली बेकरी म्हणजे काचेचं दार, चार ओव्हन, दिवसाला दोनशे केक. "तुमचं चित्र समोर ठेवलंय. काय काढलंय हो! खाली तुमचा शिक्का आहे, त्यावर नंबर मिळाला."

"माझं चित्र तुमच्याकडं कसं?"

"तुमच्या नणंदबाईंनी दिलं. तुम्हाला माहीत नाही?"

केकवालीनं सुरी खाली ठेवली. "बोला तुम्ही."

"रागावू नका ताई. मी एकोणीस हजारांत काम घेतलं. केक, आवरण, कुंपण, गाजरं-बिजरं आमची पोरं करतात. घोडं फुलांवर अडलं. आमच्याकडं साच्यातली. नवरीबाई आल्या, साच्यातलं फूल बोटांत धरलं आणि म्हणाल्या, हे बटण आहे."

दुसरा कुठला दिवस असता तर केकवाली हसली असती.

"मग मी म्हटलं, फुलं, पानं, गोगलगाय, झारी, हे बाहेरच्या कारागिराकडून मागवू. त्याचे अठरा हजार वेगळे. तर हो म्हणाल्या."

"कोण हो म्हणालं?"

"नणंदबाई."

"लगेच?"

"हजारभर कमी करा म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, कारागिराच्या पोटावर कसा पाय देऊ? पटलं त्यांना."

स्पंजच्या कापलेल्या कडेवरून भुगा टेबलावर पडत होता. केकवालीनं तो बोटानं एका रेषेत गोळा केला. एकोणीस आणि अठरा. तिला बेरीज करायला कागद लागला नाही.

"आणि कारागीर कोण?"

"आता काय ताई! तुम्हीच की. मागं सगळं लिहिलंय तुम्ही, साडेएकोणचाळीस तास होतात. पंधरा हजार आठशे तुमचे, तुमच्याच दरानं. बावीसशे माझी धावपळ. मी एक पैसा कमी करत नाही, कारण मला माहितीय हे काम काय असतं. खरं सांगू का, तो दर कमीच आहे."

सतरा केक गेले, चार वर्षं गेली, आणि तिचा दर कमी आहे हे पहिल्यांदा तिला कुणी सांगितलं तर कुणी, ज्यानं तिचं काम पळवलं त्यानं. पिकतं तिथं विकत नाही हे तिला माहीत होतं. पण पिकतं तिथून उचलून, चौकात नेऊन, त्याच घराला त्याच भावानं विकतात, हे नवीन होतं.

"आगाऊ रक्कम पूर्ण आलीय," तो पुढं म्हणाला. "मामा परवा स्वतः येऊन अठरा भरून गेले."

"कुठले मामा?"

"नवरीचे मामा. म्हणजे..." आणि बेकरीवाल्याला आपण कुणाशी बोलतोय ते त्या वाक्याच्या मध्यावर कळलं.

फुलं, बाहेरून

नवरा संध्याकाळी आला. बूट काढायला वाकला, तेवढ्यात ती म्हणाली, "चौकातल्या बेकरीवाल्याचा फोन होता."

तो वाकलेलाच राहिला. एका बुटाची नाडी सोडायला एवढा वेळ कुणाला लागत नाही.

"भांडण नको म्हणून गं," शेवटी तो बुटाला म्हणाला.

"कुणाचं?"

"तुझं आणि ताईचं. ती म्हणाली फुलांचे जास्त होतायत. म्हटलं, मामाकडून भाचीला भेट. कुणाला बोलायला नको, कुणाला वाईट वाटायला नको."

"आणि मला?"

"तुला सांगणार होतो."

"कधी? केक कापल्यावर?" ती समोर येऊन उभी राहिली. हाताला साखरेची पूड होती, ती पुसली नव्हती. "आता नीट ऐका. आपल्या खात्यातून अठरा हजार निघाले. खातं दोघांचं. त्यात माझ्या केकचे पैसे पडतात. ते बेकरीवाल्याकडं गेले. फुलं करणारा कारागीर कोण, माहितीय?"

"कोण?"

"मी."

त्यानं मान वर केली.

"म्हणजे आपले अठरा हजार चौकात जाऊन परत माझ्याकडं यायला निघालेत. वाटेत बावीसशे सांडले. आणि साडेएकोणचाळीस तास मी घामात बसायचं ते आपल्याच पैशावर. तुमच्या बहिणीनं माझ्या हाताला एक दमडी दिली नाही, आणि कारागिराच्या पोटावर पाय नको म्हणून शाबासकी मात्र मिळवली."

तो हसला. चूक झाली. हसू वाईट नव्हतं त्याचं, गोष्टच तशी होती. पण हसायची वेळ ही नव्हती.

"हसू नका."

"नाही, म्हणजे... मग सरळ तूच कर की सगळा."

"मी सरळच सांगितलं होतं. त्या सोफ्यावर. तुम्ही चष्मा पुसत होता."

तो नाडीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"माझा तास चारशेचा आहे की नाही?"

"मला काय कळतं त्यातलं?"

"नळवाल्याला आठशे दिलेत तेव्हा कळलं. चहासकट कळलं."

त्यानं दुसरा बूट काढलाच नाही. एका पायात बूट, एका पायात मोजा, असा तो दारात बसून राहिला. तिला त्याची दयाही आली नाही. यायला हवी होती असंही वाटलं नाही.

"फोन लावा. फुलं रद्द. अठरा परत घ्या. आणि तो बूट घाला."

"कुठं जायचंय?"

"तुमच्या ताईकडं."

"ती काय म्हणेल..."

"तेच ऐकायला जायचंय."

जोडणी

नणंदेच्या बैठकीत पत्रिकांचे गठ्ठे होते, पाहुण्यांच्या याद्या होत्या. टिटवी नुकतीच दवाखान्यातून आली होती. मामीला बघून ती उठली नाही, तोंड फिरवलं.

"तुला मोठी ऑर्डर आलीय ना?" ती म्हणाली. "आई म्हणाली, मामीला माझ्या लग्नासाठी वेळ नाही."

केकवालीनं नणंदेकडं पाहिलं. नणंदेनं यादीतल्या कुठल्याशा नावावर खूण केली.

"वेळ आहे," मामी म्हणाली. "त्रेसष्ट तास. सदतीस हजार. हे मी तुझ्या आईला सांगितलं होतं."

"हो, सांगितलंस! आणि मागं काय काय लिहिलंस तेही वाचलं मी," नणंद भडकली. "वन्सं मध्येमध्ये येतील, पाच डबे, फिरता पाट! माझ्या घरात काय तुझे डबे मी विकून खाल्ले? बेकरीतल्या पोरांसमोर वाचलं गेलं ते. लाज वाटली मला."

"ते तुमच्यासाठी लिहिलं नव्हतं."

"मग कुणासाठी?"

"कुणासाठीच नाही. तुमच्यासमोर बोलता येत नाही म्हणून लिहिलं."

"आई," टिटवी म्हणाली, "तू म्हणालीस वेळ नाही."

"मग काय सांगू? तुझी मामी तुझ्या लग्नाचे तास मोजते म्हणून सांगू?" नणंदेनं यादी बाजूला टाकली. आवाज बसला होता. "परक्याला पैसे देताना मला काही वाटत नाही. अठरा काय, वीस देईन. तुला द्यायचे म्हटले की वाटतं, तू माझी कुणी नाहीस. म्हणून नाही दिले. आता म्हण मला वाईट."

केकवाली क्षणभर गोंधळली. रागावलेल्या माणसाला समोरच्याचं खरं बोलणं फार गैरसोयीचं असतं.

"मला चार वर्षं उलटं वाटतंय, वन्सं," ती म्हणाली. "दर वेळी पर्स उघडून तुम्ही सामानाचे विचारता, तेव्हा."

"बरं, मग याला विचार," नणंद भावाकडं वळली. "तू सांग रे. घरात असं चालतं का?"

तो उभा होता. हात चष्म्याकडं गेला, तिथून खाली आला.

"त्रेसष्ट तास आहेत, ताई," तो म्हणाला. "मी अठरा परत मागितलेत. मी ते द्यायला नको होते. सदतीस तिलाच द्यायला हवेत."

आवाज बारीक होता. उशीरही झाला होता. केकवालीनं ते ऐकलं आणि माफ मात्र केलं नाही, निदान त्या दिवशी तरी नाही.

"अस्सं!" नणंद उठली. "मग मीही ऐका काय ठरवते ते. एकोणीसचा केक ठरलाय तो येणार. साच्यातली फुलं लावून येणार. लग्नात कुणी फुलं खात नाही. सदतीस मी घरात देणार नाही, आणि फुकट मागणारही नाही. झालं समाधान?"

झालं होतं का? चौकातली बेकरी केक करणार होती. वेलावर नव्वद बटणं लागणार होती. तीन तास फरशीवर बसून काढलेली बाग तिच्या हातून गेली होती, आणि तिनं ती स्वतःहून जाऊ दिली होती. एक शब्द टाकला असता, "राहू द्या वन्सं, सामानाचे द्या," तर पाच मिनिटांत चहा आला असता. तो शब्द तिच्या जिभेवर इतकी वर्षं राहिला होता, की आताही आपल्या पायानं बाहेर यायला बघत होता. तिनं ओठ घट्ट मिटले.

नणंद आत निघून गेली. आत कपाटाचं दार वाजलं, मग भांडं वाजलं, मग काहीच वाजलं नाही.

टिटवीनं एका जास्तीच्या पत्रिकेचा कोरा भाग फाडला आणि पेन शोधलं.

"मामी, मला तुझा राग आलाय."

"येऊ दे."

"आईचाही आलाय. मामाचा सगळ्यात जास्त." मामा खिडकीशी जाऊन उभा राहिला. "माझ्या पगारातले सहा हजार आहेत माझ्याकडं. लग्नाच्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, आम्ही दोघं खाऊ. सहा हजारांत काय येतं?"

मामीला म्हणायचं होतं, सगळं येतं. म्हणायचं होतं, वेडे, तुझ्याकडून मी पैसे घेऊ?

"एकच मजला," ती म्हणाली. "सहा इंची. सामान दीड हजार. उरले साडेचार, म्हणजे सव्वाअकरा तास."

टिटवीनं लिहिलं. "पुढं."

"भाजणं-भरणं दोन तास, आवरण सव्वा. राहिले आठ."

"गोगलगाय?"

"चार जातील. मग गुलाब घेता येणार नाहीत तुला हवे तेवढे."

"मग नको. झारी?"

"पाच."

"बाप रे! नको. दार आणि बूट?"

"तीन."

"ते हवंच." तिनं दोनदा अधोरेखित केलं. "गुलाब?"

"एकाला पन्नास मिनिटं."

"चार घे. तीन तास वीस मिनिटं झाले. उरला एक तास चाळीस." दिवसभर लोकांच्या दातांची नोंद ठेवणारी मुलगी ती, आकड्यांत चुकत नव्हती. "त्यात पानं किती?"

"तेहतीस. एक मिनिट उरतं."

"ते तुला ठेव," टिटवी म्हणाली, आणि दोघींपैकी कुणीच हसलं नाही, तरी खोलीतली हवा किंचित हलली. तिनं खाली रेघ मारली, सहा हजार लिहिलं, कागद थोडा दूर धरून पाहिला. दार, बूट, चार गुलाब. तिच्या चेहऱ्यावर ते सगळं उभं राहताना दिसलं.

"दाराच्या वर रिकामं वाटेल गं," ती म्हणाली. "पाच पानं घाल ना तिथं. अशीच."

आतल्या खोलीतली शांतता आता कान देऊन ऐकत होती. खिडकीपाशी मामा वळला नाही. मामीनं टिटवीकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पानं गेली असती, आणि पानांच्या मागोमाग बाकी सगळंही.

"पाच पानं, पंधरा मिनिटं," ती म्हणाली. "शंभर."

टिटवीचं पेन हवेत थांबलं. तिचा ओठ आधी दुमडला, मग घट्ट झाला. मग तिनं सहा हजारांच्या खाली शंभर लिहिले आणि कागद मामीपुढं सरकवला.